धुराकडे बघा, ताई

सोयाबीन पेरायचं तर आधी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस व्हावा लागतो. औसा तालुक्यातल्या आमच्या काळ्या रानात तो झाला, मग उघडीप मिळाली आणि वाफसा आला. नेमका तेव्हाच, उन्हाळाभर शेडमध्ये उभा असलेला आमचा जुना तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर चालू होईना.

किल्ली फिरवली की नुसतं 'टक्' वाजायचं. भाऊजी म्हणाले, "वहिनी, बॅटरी गेली. नवीच आणू." मी आधी आमच्या मिस्त्री चाचांना फोन लावला. सासऱ्यांच्या काळापासून हे इंजिन त्यांच्याच हाताखालचं. चाचा आले, बॅटरीला मीटर लावलं. साडेबारा व्होल्ट. बॅटरी भरलेली होती. मग त्यांनी मीटरची एक पिन बॅटरीच्या खुंटीवर आणि दुसरी तिच्यावर बसवलेल्या टर्मिनलवर धरली आणि मला किल्ली फिरवायला लावली. जोड चांगला असेल तर तिथे जवळपास शून्य दिसतं. आकडा भर्रकन वर गेला. टर्मिनलच्या आत हिरवट-पांढरी भुकटी धरली होती, वीज तिथेच अडत होती. आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह असं दोन्ही सोडवलं. खायचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने धुतलं, पॉलिश पेपरने घासलं, चेसिसकडची अर्थची पट्टीही उघडून साफ केली. इंजिन जोरात फिरू लागलं, पण पेट घेईना.

एव्हाना बांधावर माणसं जमली होती. कुणी म्हणे दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढा, कुणी म्हणे पंप गेला, लातूरला न्या. चाचा सायलेन्सरकडे बोट करून म्हणाले, "धुराकडे बघा, ताई. सेल्फ मारताना पांढरा धूर आला तर डिझेल पोचतंय पण जळत नाही. धूरच नसेल तर डिझेल पोचतच नाही." आमच्या सायलेन्सरमधून काहीच येत नव्हतं.

डिझेल इंजिनला ठिणगी लागत नाही. सिलिंडरमध्ये हवा दाबली गेली की ती इतकी तापते की नोझलमधून आलेला डिझेलचा फवारा आपोआप पेटतो. इंजिन जोरात फिरतंय आणि धूर नाही, म्हणजे टाकी ते नोझल या वाटेत कुठेतरी अडलंय. स्टॉपची दांडी पूर्ण आत आहे ना, हे चाचांनी सगळ्यात आधी पाहिलं. मग टाकीपासून सुरुवात केली. तोटीखालचा पाइप सोडला. टाकी निम्मी भरलेली असून डिझेल दोऱ्याएवढं पडत होतं. टाकी रिकामी करून तोटी काढली, तर आतल्या बारीक जाळीवर काजळासारखा चिकट थर बसला होता. टाकी निम्मी ठेवली की आतल्या हवेतलं बाष्प गार होऊन पाणी सुटतं, ते तळाला बसतं आणि त्यात असा गाळ वाढतो.

जाळी धुतली, टाकीचा तळ साफ केला, तांब्याची नवी वायसर घातली, ताजं डिझेल भरलं. आता एअर काढायची होती. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून मी फीड पंप हाताने मारत राहिले. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग सलग स्वच्छ धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळायचा. तसंच इंजेक्शन पंपाच्या स्क्रूचं. शेवटी नोझलचे नट थोडे ढिले करून सेल्फ मारला. चाचांनी मला हात लांब ठेवायला सांगितलं, कारण तिथला दाब दोनशे बारच्या आसपास असतो आणि एवढ्या दाबाची बारीक धार थेट कातडीत शिरते. तिन्ही नटांतून डिझेल उडालं, ते आवळले. पुढच्या सेल्फला पांढरा धूर, मग एक सिलिंडर अडखळत, आणि मग तिन्ही एका लयीत.

पेरणी त्याच वाफशावर झाली. आता ट्रॅक्टर उभा करायचा तर टाकी काठोकाठ भरते आणि फिल्टरखालचं पाणी सोडते. गावातल्या पोरांनाही मी हेच सांगते: पाना हातात घेण्याआधी आवाज ऐका, धूर बघा, मग टाकीपासून एकेक जोड तपासत पुढे जा. त्या दिवशी पंप लातूरला नेला असता तर वाफसा गेला असता, पैसे गेले असते, आणि तोटीतला गाळ मात्र तसाच राहिला असता.