ओपन पोझिशन

१६ ऑगस्ट २०१९. मुंबईत कपिल देवने जाहीर केलं की भारतीय संघाचे प्रशिक्षक म्हणून रवी शास्त्रीच राहणार, २०२१ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकापर्यंत. नाशकात माझ्या ओळखीतल्या एकालाही ह्या बातमीचं आश्चर्य वाटलं नाही. आणि तरी सगळे जाम तडकले होते. आता मला सांगा, जे होणार हे आधीपासून माहीत होतं तेच झालं, तर माणूस चिडतो कशाला?

आधी जखम कुठली ते सांगतो. १० जुलै, मँचेस्टर, उपांत्य सामना. न्यूझीलंडच्या २३९ धावा आणि आपले ५ धावांत ३ बाद. मग २४ ला ४. धोनी सातव्या नंबरवर! जडेजाने ५९ चेंडूंत ७७ ठोकल्या म्हणून आशा तरी लागली, पण शेवटी १८ धावांनी गेलो. चौथ्या क्रमांकावर कोण खेळणार हे घोंगडं तर कधीपासून भिजत पडलेलं. अंबाती रायडूला सोडून विजय शंकरला नेलं, आणि स्पर्धा चालू असतानाच रायडूने निवृत्ती जाहीर केली. (त्याच्या त्या 'थ्री-डी' चष्म्याच्या ट्वीटवर आम्ही खूप हसलो होतो. नंतर हसू येईना.)

शास्त्रींनी पुढे एका मुलाखतीत सांगितलं की धोनीला उशिरा पाठवणं हा सगळ्या संघाचा निर्णय होता. आयटीतल्या माणसाला ह्या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. प्रॉडक्शनमध्ये काहीतरी फुटलं आणि कारणाच्या रकान्यात 'टीम डिसिजन' असं लिहून आलं, की समजायचं, फाईल बंद.

बरं, बोर्डाने सरळ मुदतवाढ देऊन टाकली असती तर एक वेळ चाललं असतं. पण नाही. अर्ज मागवले, सहा नावं निवडली. कपिल देव, अंशुमन गायकवाड आणि शांता रंगास्वामी अशी समिती बसली. टॉम मूडी, माइक हेसन, रॉबिन सिंग, आपले मुंबईकर लालचंद राजपूत (२००७ चा टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला तेव्हा संघाचे मॅनेजर हेच)... फिल सिमन्सने आधीच माघार घेतली. शास्त्री संघाबरोबर वेस्ट इंडीजमध्ये, त्यामुळे त्यांची मुलाखत व्हिडिओवरून. आणि ह्या सगळ्याच्या अडीच आठवडे आधी, २९ जुलैला, दौऱ्यावर निघताना कर्णधार कोहली मुंबईतच पत्रकारांना सांगून गेला होता की रवीभाई राहिले तर आम्हाला आनंदच होईल.

कपिल म्हणाला, आम्ही कोहलीला विचारलं नाही. विचारायची गरजच काय होती!

हेसन दुसरा, मूडी तिसरा, फरक अगदी थोडा, असंही सांगण्यात आलं. गुणपत्रिका काही आपल्याला दिसली नाही.

त्याच वर्षी मी नुकताच कामाला लागलो होतो. आमच्या टीमला लीड हवा होता, 'ओपन पोझिशन' म्हणून मेल आला. आमच्यातली एक सीनियर, जिच्याकडून मी निम्मं काम शिकलो, तिने तीन रात्री जागून प्रेझेंटेशन केलं. मुलाखत छान झाली म्हणाली. निकाल मात्र, ज्याचं नाव सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं त्याच्याच बाजूने. वाईट नव्हता तो, कामाचा होता. तिनेही कधी त्याला नावं ठेवली नाहीत. चहाच्या टपरीवर एवढंच म्हणाली, "नाही म्हणाले असते तरी चाललं असतं रे. तीन रात्री कशाला घेतल्या?"

लोकांची चीड मला तिथे कळली.

त्यात २०१७ ची आठवण ताजी होती. १८ जूनला चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनल हरलो आणि २० जूनला कुंबळेने राजीनामा दिला. एक सामना हरला म्हणून नाही, तर कर्णधाराला त्याची पद्धत पटत नाही म्हणून. कसोटीतला त्याचा रेकॉर्ड कुणी काढलासुद्धा नाही. म्हणजे मार्क नक्की कशाला मिळतात?

गोल्फ क्लबवर सकाळी चालायला येणारे काका लोक म्हणतील, पुढचं बघ की! बघितलं. डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला ३६ ऑल आउट, आणि महिन्याभरात, १९ जानेवारी २०२१ ला, अर्धा संघ जखमी असताना गॅबा जिंकलं. मग त्याच वर्षी टी-ट्वेंटी विश्वचषकात पाकिस्तानकडून १० गडी राखून मार खाल्ला. ज्याला जे हवं ते त्याने उचलावं. माझं विचाराल तर कसोटीसाठी शास्त्री योग्यच होते. पण त्याने ऑगस्टमधल्या त्या मुलाखती खऱ्या होत नाहीत.

अमेरिकेत हे प्रकरण निदान रोख असतं. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने २०२१ मध्ये फुटबॉल कोच जिंबो फिशरचा करार वाढवला, आणि २०२३ मध्ये त्याला घरी पाठवताना साडेसात कोटी डॉलरहून जास्त रक्कम गळ्यात पडली. तिथे चिडलेला माजी विद्यार्थी देणगी तरी थांबवू शकतो. आपण पंखे काय थांबवणार? टीव्ही? दोन दिवस.

आणि तुलनाच करायची तर द्रविडची करा. १९ नोव्हेंबर २०२३, अहमदाबाद, फायनल हरलो. दहा दिवसांनी बोर्डाने त्याचा करार वाढवला. अर्ज नाही, समिती नाही, व्हिडिओ नाही. तेव्हा नाशकात मी शिव्या ऐकल्या त्या फक्त ट्रॅव्हिस हेडला.