परण्यातली ‘गुलाबी साडी’

जालना जिल्ह्यात लग्न लागण्याआधी परण्या निघतो. नवरदेव घोड्यावर नाहीतर सजवलेल्या गाडीत बसून मारुतीच्या दर्शनाला जातो. पुढे बँजो पार्टी, मध्ये पोरं, मागे करवल्या, आणि कडेकडेने घड्याळ बघत चालणारे मुलीकडचे एकदोन वयस्क. पत्रिकेत मुहूर्त साडेबाराचा छापलेला असतो आणि दीड वाजला तरी परण्या पाराच्या पुढे सरकलेला नसतो. कोणत्या गाण्याला तो जागचा हलत नाही, हे त्या वर्षीच्या गाण्यांचं खरं मोजमाप. रेडिओवाल्यांनी आणि कंपन्यांनी कितीही याद्या काढू देत.

२०२४च्या लग्नसराईत हा मान ‘गुलाबी साडी’ने घेतला. छोट्या टेम्पोत जनरेटर धडधडतोय, कॅसिओवाल्याने चालीचे पहिले चार सूर उचललेत, पॅडवाला अजून ठेक्यात शिरायचाय, आणि तेवढ्यात मागच्या बायका पुढे येतात. ही गोष्ट लक्षात घ्यायला हवी. परण्यात एरवी नाचतात ती पोरं. काकू-मावश्या पदर सावरत, पिशव्या सांभाळत कडेने चालतात. या गाण्याने त्यांना रिंगणात ओढलं. घोळक्यात कुणाची साडी गुलाबी असेल तर तिची सुटका नाही, तिला मधोमध उभं करून बाकीच्या भोवती फिरायच्या. गाणारा नसला तरी बँजोवाल्याचं काही अडायचं नाही. शब्द नाचणाऱ्यांनाच पाठ.

हे गाणं ६ फेब्रुवारी २०२४ला यूट्यूबवर आलं. शब्द आणि आवाज संजू राठोडचे, संगीत जी-स्पार्क या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गौरव राठोडचं, पडद्यावर संजूसोबत प्राजक्ता घाग. मागे सिनेमा नव्हता. ‘झिंगाट’ महाराष्ट्रभर वाजलं तेव्हा त्याच्या पाठीशी ‘सैराट’ होता, नागराज मंजुळे होते, अजय-अतुल होते. इथे तसं काहीच नव्हतं. तरी काही महिन्यांत यूट्यूबवरचा आकडा दहा कोटींच्या पुढे गेला, आणि मराठी न कळणारेही त्यावर रील करू लागले.

संजू जळगाव जिल्ह्यातल्या धानवडचा. जालन्याची उत्तरेकडची हद्द जळगावलाच भिडते, पण जालना आणि जळगाव यांच्यातला थेट प्रवास अजून रस्त्यानेच होतो. राजूरच्या गणपतीला हात जोडून भोकरदन, पुढे सिल्लोड, अजिंठ्याचा घाट उतरला की खानदेश. जालना-जळगाव या १७४ किलोमीटरच्या रेल्वेमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली ती ऑगस्ट २०२४मध्ये. तोवर संजूचं गाणं घाट ओलांडून मंठ्याच्या आठवडी बाजारात जुनं व्हायला आलं होतं.

अशा यशाला लगेच ‘पहिलंच गाणं आणि थेट हिट’ असं म्हणायची आपल्याकडे सवय आहे. ते खरं नाही. ‘गुलाबी साडी’च्या आधी संजूची बरीच गाणी येऊन गेली होती, आणि ‘नऊवारी पाहिजे’ तर चांगलंच गाजलं होतं. लोकांनी गायकाचं नाव विचारलं ते मात्र ‘गुलाबी साडी’नंतर. गाणाऱ्याच्या लेखी पहिलं गाणं एक असतं आणि लोकांच्या लेखी दुसरंच. मधली वर्षं कुणाच्या हिशेबात येत नाहीत. जालन्यातही मोबाइल उभा करून गाणी बसवणारी पोरं आहेत. शेतातली ज्वारी, शेजाऱ्याची बुलेट आणि लग्नाच्या शूटिंगवाल्याकडून एका दिवसापुरता आणलेला कॅमेरा एवढ्यावर त्यांचं चित्रीकरण उरकतं. त्यांना या मधल्या वर्षांबद्दल ऐकायला आवडेल. कुणी सांगत नाही.

आता गाण्याकडे वळू. गोष्ट अगदी एवढीशी. साडी नेसून, ओठ रंगवून नटलेली बाई आपल्या राजाला म्हणते, मी छान दिसतेय, माझा फोटो काढ. संपलं. यात काव्य शोधणाऱ्याची निराशा होईल, आणि तशी निराशा अनेकांनी जाहीरपणे व्यक्तही केली. पण यातली एक गंमत त्यांच्या नजरेतून सुटली असावी. हे म्हणणं बाईचं आहे आणि गातोय पुरुष. आपल्याकडे हे नवं नाही. जालन्याच्या नैऋत्येला गोदाकाठी पैठण आहे. तिथल्या एकनाथांनी गवळणी रचल्या, बाईच्या तोंडची भारुडं रचली, आणि अंगावर लुगडं घेऊन ती सादर करणारे पुरुष अजूनही सप्त्यांमध्ये उभे राहतात. समोरच्या बायका पदर तोंडाला लावून हसतात, कारण बोलणं त्यांचंच असतं आणि बोलणारा भलताच.

लावणीचाही धागा आहे. लावणीतली नायिका रायाकडे शालू मागते, नथ मागते, पुतळ्यांची माळ मागते. मागणं हा त्या प्रकाराचा कणाच आहे. संजूच्या नायिकेकडे साडी आधीच आहे, लाली आहे. तिला हवाय तो फोटो. शंभर-दीडशे वर्षांत मराठी गाण्यातल्या बाईचं मागणं शालूवरून फोटोवर आलं, यात बराच सामाजिक इतिहास दडलेला आहे. साडी ती आता स्वतःच्या पैशाने, बचत गटाच्या हप्त्यातून वाचवून, किंवा भावाकडून भाऊबीजेला घेते. कमी पडतं ते कुणीतरी आपल्याकडे नीट बघणं. फोटो काढणाऱ्याला निदान दोन मिनिटं तरी बघावं लागतं.

या मागणीतच गाण्याच्या प्रसाराचं यंत्र बसवलेलं होतं. रील म्हणजे पंधरा-तीस सेकंदांचा कारभार. त्यात कथा मावत नाही, भूमिका मावते. ‘गुलाबी साडी’ने बघणाऱ्या बाईला तयार भूमिका दिली, वेशभूषाही सांगून टाकली, आणि ती वेशभूषा महाराष्ट्रातल्या बहुतेक कपाटांत घडी घालून ठेवलेली होती. कुणाच्या लग्नातली, कुणाच्या डोहाळजेवणातली, कुणाची सासूकडून आलेली. नवीन काही विकत आणायचं नव्हतं. नाचताही यायची गरज नव्हती. उभं राहून मान वेळावली तरी भागत होतं. राजा नावाचं पात्र बहुतेक रीलमध्ये दिसत नाही, कारण तो मोबाइल धरून समोर उभा असतो. गाण्यात सांगितलेलं काम तो खरोखरच करत असतो. इतकी सोय करून देणारं गाणं चाललं नसतं तरच नवल.

पण एकाच गाण्याने तरुण गायकाला घराघरांत नेणं हा शोध मोबाइलवाल्यांचा नाही. त्यासाठी जालन्याच्या दुसऱ्या हद्दीवर जावं लागतं. पूर्वेला सिंदखेडराजाकडे निघालं की बुलढाणा जिल्हा लागतो आणि पुढे मेहकर. मेहकरला ना. घ. देशपांडे वकिली करत आणि कविता लिहीत. त्यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी या तरुणाने चाल लावून गायली आणि १९३२च्या सुमारास एचएमव्हीने ती तबकडीवर आणली. जोशी तेव्हा जेमतेम तेवीस वर्षांचे, आणि देशपांडेही त्यांच्याच वयाचे, दोघेही १९०९चे. तोवर तबकड्यांवर राज्य होतं नाट्यपदांचं. नाटकाचा आधार नसलेलं, कुणा राजाराणीच्या तोंडी नसलेलं, साध्या बोलण्यातलं हे गाणं लोकांनी असं उचललं की मराठी भावगीताचा इतिहास सांगणारे आजही तिथूनच सुरुवात करतात. जोशी पुढे एचएमव्हीतच गेले आणि मोठमोठ्या गवयांची ध्वनिमुद्रणं करण्यात त्यांचं आयुष्य गेलं.

त्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटं मावत. आजचं गाणंही साधारण तेवढ्यातच आवरतं. का, ते आता कुणी विचारत नाही. देशपांड्यांचा ‘शीळ’ नावाचा पहिला काव्यसंग्रह निघाला १९५४ साली. म्हणजे कविता लोकांच्या तोंडी आधी आणि पुस्तकात बावीसेक वर्षांनी. साहित्य अकादमीचा पुरस्कार आणखी उशिरा, १९८६मध्ये, ‘खूणगाठी’ला. तबकडी ही त्या काळातली चैन होती, ग्रामोफोन गावात एखाद्याच वाड्यात असायचा. शिवाय मेहकर इंग्रजांच्या वऱ्हाडात आणि जालना निजामाच्या राज्यात. सिंदखेडराजा आणि जालना यांच्यामध्ये नाणीसुद्धा बदलत. गाण्याला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

वाहनं बदलत गेली. कॅसेट आली तेव्हा आनंद शिंद्यांच्या पोपटाच्या गाण्याने ऐंशीच्या दशकात जी धमाल उडवली, ती जालन्याच्या पानपट्ट्यांनी आणि ट्रकवाल्यांनी ऐकली. त्यानंतर मेमरी कार्डाचा जमाना. मोबाइलच्या दुकानात दहा-वीस रुपये दिले की पोरगा संगणकावरून गाणी भरून द्यायचा, आणि त्याने भरलेली यादी हीच तालुक्याची आवड ठरायची. त्या पोराची नोंद संगीताच्या इतिहासात व्हायला हवी, होणार नाही. मग स्वस्त डेटा आला आणि त्याचंही दुकान बसलं. छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात एकतारी घेऊन दारोदार भीमगीतं गात. कुणीतरी मोबाइलवर चित्रण केलं आणि महाराष्ट्राने त्यांना ओळखलं. त्यांच्यामागे कंपनी नव्हती. वय, सूर, विषय, सगळंच संजूपेक्षा वेगळं, वाहन मात्र तेच.

‘गुलाबी साडी’ न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरवर झळकलं, तेव्हा मराठी बातम्यांना उधाण आलं. तिथले फलक जाहिरातीचे असतात आणि पैसे भरून मिळतात, हे त्या बातम्यांत सांगायचं राहून गेलं. आपल्या गाण्याची किंमत आपण न्यूयॉर्कच्या भिंतीवर का बघायला जातो, कोण जाणे. त्यापेक्षा मोठी गोष्ट मंठा, परतूर, घनसावंगी भागातल्या बंजारा तांड्यांवर घडत होती. राठोड, चव्हाण, जाधव, पवार ही तांड्यांवरची रोजची आडनावं. होळीला डफावर लेंगी म्हणणारी, तीजेला पोरींच्या टोपल्यांत गहू उगवताना गाणारी ही वस्ती. दिवाळी झाली की त्यातली निम्मी घरं कुलूप लावून उसाच्या फडावर जातात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार आणि ट्रॅक्टरवर स्पीकर. गाणं त्यांच्याकडे आयुष्यभर होतं. पडद्यावर गायकाच्या नावापुढे ‘राठोड’ लिहिलेलं दिसणं ही गोष्ट मात्र रोजची नव्हती, आणि त्या नावाकडे बघून कोणत्या पोराने काय ठरवलं असेल, ते कळायला आणखी काही वर्षं जावी लागतील.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तीन महिने रोज पाच वेळा ऐकलं की कोणतंही गाणं कानाला बोचतं आणि ‘गुलाबी साडी’ अपवाद ठरलं नाही. पहिल्या कडव्यानंतर गाण्यात नवीन काही घडत नाही. मूळ ओळ इतकी पक्की की तिच्या आजूबाजूच्या ओळी मेहनत करायला तयारच नाहीत. तीस सेकंदांसाठी रचलेल्या गाण्याची हीच गत होते. ‘झिंगाट’च्या मधल्या तुकड्यांत वाद्यमेळ काय काय करतो ते ऐकावं, फरक लगेच कळतो. पण ‘झिंगाट’चं ध्वनिमुद्रण कुठे झालं, त्यासाठी किती वादक बसले, याचा हिशेब वेगळा आणि दोन पोरांनी मिळून केलेल्या गाण्याचा वेगळा. दोन्ही एकाच तराजूत घालणं जरा अन्यायाचंच.

मोठ्या हिटनंतरचं गाणं हा गायकाचा खरा पेपर. संजूने आधी ‘काळी बिंदी’ दिलं. नऊवारी, साडी, बिंदी अशी ही नटण्याची यादी बघून पुढचं गाणं हिरव्या चुड्यावर येणार असं वाटत होतं, पण एप्रिल २०२५मध्ये आलं ‘शेकी’, ईशा मालवीयसोबत. नाव इंग्रजी, ठेका आणखी सरळ नाचाचा. तेही देशभर चाललं आणि एका गाण्यापुरता गायक हा शिक्का त्याने पुसला. तरी गाणं म्हणून ‘शेकी’ डावं आहे. त्यात ‘गुलाबी साडी’तली ती बोलणारी बाई गायब आहे आणि बघणारा पुरुष तेवढा उरला आहे.

ज्यांना हे पटत नसेल त्यांनी ‘नऊवारी पाहिजे’, ‘गुलाबी साडी’, ‘काळी बिंदी’ आणि ‘शेकी’ या क्रमाने एका बैठकीत ऐकावं. चारही मिळून वीस मिनिटांच्या आत होतात. त्यानंतर जोशींची ‘शीळ’ लावावी. तीही इंटरनेटवर आहे, तबकडीच्या खरखरीसकट.