हजेरीचे बक्षीस

वर्षभरात एकही दिवस गैरहजर न राहिलेल्या मुलाला स्नेहसंमेलनात व्यासपीठावर बोलावून बक्षीस देण्याची प्रथा आमच्या पिढीच्या चांगलीच परिचयाची आहे. नियमितपणा हा सद्गुण होय, याविषयी दुमत नाही. परंतु पावसाळ्यात अर्धा वर्ग खोकत असताना जे मूल एकदाही घरी राहिले नाही, ते खरोखरच निरोगी होते, की तापाचे औषध पाजून त्याला बाकावर बसविले गेले, हे टाळ्या वाजविताना कोणी विचारीत नाही.

गोवराचेच पाहा. आरंभी ताप, खोकला, लाल डोळे. घरच्यांना वाटते, साधे पडसे. पुरळ उमटते ते आणखी काही दिवसांनी. पण पुरळ दिसण्याच्या ४ दिवस आधीपासूनच ते मूल इतरांना रोग देऊ लागलेले असते, आणि ते वर्गातून उठून गेल्यावरही विषाणू तेथील हवेत २ तासांपर्यंत टिकून राहू शकतो. आमच्या लहानपणी गोवर निघालेल्या मुलाच्या उशाशी कडुनिंबाचा डहाळा ठेवीत आणि परक्या माणसाला उंबऱ्याच्या आत घेत नसत. डहाळ्याने रोग हटत नसे; उंबऱ्याने मात्र काही घरे खचित वाचली असतील. शेजारच्या बाकावरच्या मुलाचे व्हायचे ते तोवर होऊन गेलेले असे.

म्हणून या रोगावर खरा बंदोबस्त लसीचाच, आणि ती लसही एका शाळेचे देणे आहे. १९५४ साली अमेरिकेत बोस्टनजवळच्या फे स्कूल या निवासी शाळेत गोवराची साथ आली. डॉ. थॉमस पीबल्स यांनी तेथील आजारी विद्यार्थ्यांच्या रक्ताचे व घशाचे नमुने गोळा केले. डेव्हिड एडमन्स्टन या विद्यार्थ्याच्या नमुन्यातून विषाणू वेगळा काढता आला. त्याच विषाणूचा सौम्य केलेला वंशज आज पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लसीत आहे. डेव्हिडच्या त्या आठवड्यातील हजेरीची चौकशी कोणी केल्याचे आमच्या ऐकिवात नाही!

१०० पैकी ९५ मुलांना लसीच्या दोन्ही मात्रा मिळाल्या, तरच गोवराची साथ रोखून धरता येते. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात ९ महिने ते १५ वर्षे वयाच्या मुलांसाठी गोवर-रुबेला लसीची मोहीम शाळाशाळांतून झाली. तरीही २०२२ च्या अखेरीस मुंबईत, विशेषतः गोवंडी भागात, गोवर पसरला आणि बालके दगावली. त्यांतील अनेकांची लस राहून गेली होती.

आमच्या धर्मग्रामातील शाळेच्या पालकसभेत आम्ही सुचविले, की पूर्ण हजेरीचे बक्षीस बंद करावे, निदान आजारपणाची रजा गैरहजेरीत धरू नये. सिस्टरांनी शांतपणे ऐकून घेतले. उत्तर दिले ते मागे बसलेल्या एका आईने. ती पहाटेच्या लोकलने भाजी घेऊन दादरला जाते. ती म्हणाली, “बक्षिसासाठी कोण पाठवतंय? पोराला घरी ठेवीन हो, पण त्याच्यापाशी बसायचं कोणी?”

सभा गप्प झाली. बक्षीस रद्द करण्यास एक सही पुरते; बुडालेल्या दिवसाची मजुरी कोणत्याही परिपत्रकाने भरून येत नाही.

पुढे आमच्या आळीतील तीन आजीबाईंनी आपण होऊन जबाबदारी घेतली. तिघींनाही लहानपणी गोवर आणि कांजिण्या येऊन गेलेल्या. हे रोग एकदा झाले की सहसा पुन्हा होत नाहीत. (फ्लूला हा हिशेब लागू नाही. तो म्हाताऱ्या माणसांना अधिक जड जातो, तेव्हा त्या पोरांची सोय वेगळी पाहावी लागते.) जुलैत पहिले पोर आले ते कांजिण्यांचे. प्रत्येक फोडावर खपली धरेपर्यंत ते आजीच्या मधल्या खोलीत पत्ते खेळत बसले होते, आणि बहुधा जिंकतही होते. त्याच्या वर्गात आणखी दोघांना कांजिण्या निघाल्या. बक्षिसाचा निर्णय अद्याप व्हायचा आहे.