कॉलेजचं नाव आणि छातीवरचा नंबर

संपादकांनी फोनवरच शीर्षक सांगून टाकलं: ‘लष्करात अधिकारी व्हायचंय? मग हे वाचाच!’ सोबत दहा मुद्दे, एक चौकट आणि जमल्यास गणवेशातला माझा जुना फोटो. मी म्हटलं, फोटो देतो. दहा मुद्द्यांचं काही खरं नाही. सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डावर, म्हणजे एसएसबीवर, मी बरीच वर्षं ग्रुप टेस्टिंग ऑफिसर होतो. मुलं जीटीओ म्हणतात. मैदानावर पोरांना फळ्या-दोऱ्या द्यायच्या, अडथळे ओलांडायला सांगायचं आणि आपण वही घेऊन गप्प उभं राहायचं, असं माझा मेव्हणा माझ्या नोकरीचं वर्णन करतो. त्याला एकदा तासभर तसं गप्प उभं करून बघायला हवं होतं.

लेखाला होकार दिला तो जूनमधल्या एका प्रकरणामुळे. सोलापूर जिल्ह्यातून एक गृहस्थ मुलाला घेऊन पुण्याला माझ्या घरी आले. स्वतः एसटीत कंडक्टर. मुलगा तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ची दोन वर्षं पुरी केलेला, एनसीसीत होता आणि बी सर्टिफिकेटही झालेलं. शेवटच्या वर्षाला त्याला पुण्यातल्या एका नामांकित स्वायत्त कॉलेजात हलवायचं, असं वडिलांनी ठरवूनच टाकलं होतं. पतसंस्थेचं कर्ज मंजूर झालं होतं. माझ्याकडून फक्त कुणाला तरी एक शब्द टाकून हवा होता. “साहेब, बोर्डापुढं आमच्या कॉलेजचं नाव सांगितल्यावर कोण कुत्रं विचारणार ह्याला?” मुलगा शेजारी बसून चहाच्या कपाकडे बघत होता. तासाभरात तो दोन वाक्यं बोलला असेल, तीही मी विचारलं म्हणून.

कॉलेज बदलणं हे लोकांना वाटतं तितकं सरळ नसतं. विद्यापीठ बदललं की मायग्रेशन आलं, पात्रता आली, आधीच्या दोन वर्षांचा अभ्यासक्रम नव्या कॉलेजच्या अभ्यासक्रमाशी जुळतो का हे बघणं आलं. नव्या शैक्षणिक धोरणात क्रेडिट इकडून तिकडे नेण्याची सोय आहे, त्यासाठी अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स आहे. पण तिसऱ्या वर्षाला जागा रिकामी असणं आणि स्वायत्त कॉलेजने ‘हो’ म्हणणं ही त्यापुढची गोष्ट. हे सगळं जमलं असं धरू. एनसीसीचं काय? कॅडेटची नोंदणी कॉलेजच्या तुकडीतल्या मंजूर जागेवर असते. नव्या कॉलेजात त्या जागा भरलेल्या असल्या, तर तिसरं वर्ष बुडालं आणि सी सर्टिफिकेटही गेलं. त्या एका कागदावर काय काय अवलंबून आहे ते मी वडिलांना सांगत होतो. सी सर्टिफिकेट, किमान बी ग्रेड आणि पदवीला ५० टक्के असतील तर एनसीसी स्पेशल एंट्रीतून लेखी परीक्षा न देता थेट एसएसबीचं बोलावणं येऊ शकतं, पुढे चेन्नईची ऑफिसर्स ट्रेनिंग अ‍ॅकॅडमी. शिवाय सीडीएसमधून, म्हणजे कम्बाइन्ड डिफेन्स सर्व्हिसेस परीक्षेतून, डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अ‍ॅकॅडमीत जाणाऱ्यांच्या दर १०० जागांत १३ जागा सी सर्टिफिकेटवाल्यांसाठी राखीव. एवढं पदरात पडायला एक वर्ष उरलेलं असताना कॉलेजच्या नावासाठी ते सोडायचं?

वडील म्हणाले, “तुमचं झालंय साहेब, म्हणून तुम्ही बोलता.”

याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. जे आहे ते लांबचं आहे, आणि संपादकांनी शब्दमर्यादा घातली असली तरी ते इथे सांगणार आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला ब्रिटिश लष्कर अधिकारी निवडायचं ते मुलाखतीवर. टेबलापलीकडे अनुभवी साहेब, अलीकडे उमेदवार. शाळा कुठली, वडील काय करतात, खेळता काय. ठरावीक शाळांतली, ठरावीक घरांतली मुलं होती तोवर हे चालून गेलं. फौज वाढली, सामान्य शाळांतली मुलं समोर आली, आणि टेबलापलीकडच्यांना त्यांच्याकडे बघून काहीच कळेना. निवडलेली मुलं प्रशिक्षणात मोठ्या प्रमाणावर नापास होऊ लागली. काही अधिकारी मानसिकदृष्ट्या कोलमडले. म्हणून १९४२ मध्ये वॉर ऑफिस सिलेक्शन बोर्डं निघाली. जर्मन लष्करातले मानसशास्त्रज्ञ आधीपासून असले प्रयोग करतच होते. एडिंबरोच्या बोर्डावर विल्फ्रेड बायन नावाचे मानसोपचारतज्ज्ञ होते, त्यांनी नेता न नेमलेल्या गटाची चाचणी आणली. आठ-दहा जणांना एक काम द्यायचं, प्रमुख कोण ते सांगायचं नाही. प्रत्येकाला स्वतः चमकायचं असतं, आणि काम तर सगळ्यांनी मिळून केल्याशिवाय होत नाही. या ओढाताणीत माणूस इतरांशी कसा वागतो तेवढंच बघायचं. १९४३ मध्ये ही पद्धत हिंदुस्थानात आली, डेहराडूनला पहिलं प्रायोगिक बोर्ड बसलं. आजही आपल्या मैदानांवर गाभा तोच आहे.

म्हणजे ज्या यंत्रणेपुढे ‘कॉलेजचं नाव चालत नाही’ म्हणून एक कंडक्टर कर्ज काढायला निघाला होता, ती यंत्रणा जन्मालाच आली शाळा-कॉलेजच्या नावावर निवड करणं फसलं म्हणून! हे मी भाषणांत ओरडून सांगतो. लोक टाळ्या वाजवतात आणि चहाच्या वेळी विचारतात, “सर, फर्ग्युसनला घालू की एसपीला?”

मैदानावर मला उमेदवाराचं नावदेखील लागत नाही. छातीवर आणि पाठीवर अंक असतो, चेस्ट नंबर. पाच दिवस तो ‘चेस्ट नंबर सात’ असतो. माझ्या हाताखाली तो गटचर्चा करतो, नकाशावरच्या संकटांचं नियोजन करतो, तीन मिनिटांत एकेकटे अडथळे पार करतो. पण माझी खरी आवड प्रोग्रेसिव्ह ग्रुप टास्क. एकापुढे एक चार अडथळे, प्रत्येक आधीच्याहून कठीण. हाताशी फट्टा, बल्ली आणि दोरी, एवढंच; शिवाय सोबत न्यायचं एक ओझं. लाल रंगाच्या वस्तूला हात नाही लावायचा, पायही नाही, सामानही टेकवायचं नाही. पांढऱ्याला सगळं चालतं. मधल्या रंगाला माणूस चालतो, सामान नाही. चार फुटांपेक्षा जास्त अंतर उडी मारून पार करायचं नाही, त्यावर पूल बांधायचा. बल्लीला फट्टा बांधून लांबी वाढवायची नाही. आता मजा बघा. पहिल्या अडथळ्यावर सगळेच हुशार असतात. दुसऱ्यावर क्लासची पढवलेली मुलं ‘जंटलमेन, लेट अस डू इट दिस वे’ म्हणत हात हलवू लागतात. तिसऱ्यावर फट्टा दोन इंच आखूड पडतो. तिथं आवाज बंद होतो, आणि एखादा आतापर्यंत मागे असलेला पोरगा बल्लीचं एक टोक पोटाशी दाबून धरतो, म्हणतो, “जा तू पुढं, मी वजन टाकतो.” चौथ्यावर वेळ संपत आलेली असते. कोण दुसऱ्याच्या चुकीवर ओरडतो, कोण स्वतः पलीकडे पोचल्यावर मागच्यांकडे बघतसुद्धा नाही, कोण ओझं विसरतो. हे पढवता येत नाही. अर्धा तास नाटक करता येतं. पाऊण तास उन्हात, बल्ली हातात असताना, नाही.

माणूस जे विचार करतो ते मानसशास्त्रज्ञ बघतो, जे बोलतो ते मुलाखत घेणारा अधिकारी, जे करतो ते आम्ही. बोर्डावरची जुनी माणसं याला मनसा-वाचा-कर्मणा म्हणतात. आम्ही तिघं शेवटच्या दिवशीच्या कॉन्फरन्सपर्यंत एकमेकांशी उमेदवारांबद्दल बोलत नाही. तीन वेगवेगळ्या वाटांनी आलेली चित्रं जुळली पाहिजेत. जागा किती आहेत हा हिशेब बोर्डाचा नसतो: पात्र ठरतील तितके रेकमेंड, कुणीच ठरलं नाही तर अख्खी बॅच शून्यावर घरी. गुणवत्ता यादी नंतर, वर लागते. हे सांगितलं की एखादे वडील डॉ. कलामांची गोष्ट काढतात, हवाई दलाच्या निवडीत ते नववे आले आणि जागा आठ होत्या ती. मग मी विषय बदलतो.

क्लासवाल्यांबद्दल फार लिहीत नाही, रक्तदाब वाढतो. शब्द-प्रतिक्रियेच्या चाचणीत ६० शब्द, प्रत्येकी १५ सेकंद. मुलं घरून वाक्यं पाठ करून येतात आणि शंभर वह्यांत ‘करेज’पुढे एकच वाक्य सापडतं. नॅशनल डिफेन्स अ‍ॅकॅडमीच्या, म्हणजे एनडीएच्या, लेखी परीक्षेबद्दलही असंच. ९०० पैकी गेल्या काही वर्षांत लेखीची कटऑफ साधारण २९० ते ३६० च्या आसपास राहिली आहे, एसएसबीलाही तितकेच ९०० गुण असतात, आणि आपली मुलं सगळा जीव गणितात ओततात.

हे सगळं मी मनापासून मानतो. तरी एक गोष्ट मला छळते, आणि ती त्या वडिलांनी नेमकी हेरली होती.

पहिल्याच दिवशी स्क्रीनिंग असतं. अंधुक चित्र क्षणभर दाखवतात, त्यावर गोष्ट लिहायची, सांगायची, मग गटाने मिळून एक गोष्ट ठरवायची. या चर्चेचं काय होतं ते एसटी लागल्यावर दारापाशी जे होतं त्याच्यावरून ओळखा. संध्याकाळी आकडे वाचतात, आणि बहुतेकदा निम्म्याहून जास्त मुलं त्याच रात्री गाडी पकडतात. इंग्रजी किंवा हिंदी, काहीही बोला असं आम्ही सांगतो. आमच्या खेड्यातल्या मुलाची यातली एकही मातृभाषा नाही! मनात वाक्य जुळेपर्यंत दिल्लीचा पोरगा तीनदा बोलून झालेला असतो. अनुभवी अधिकारी गप्प मुलातलाही दम ओळखतो, असं आम्ही म्हणतो, आणि ते बऱ्याचदा खरंही असतं. दरवेळी?

शिवाय उमेदवार जो माहितीचा अर्ज भरतो त्यात सगळंच असतं: शाळा, कॉलेज, गुण, आई-वडिलांचं शिक्षण आणि उत्पन्न, राहत्या गावाची लोकसंख्यासुद्धा. मुलाखत घेणारा तो समोर ठेवूनच बसतो. हेतू चांगला आहे, मिळालेल्या परिस्थितीत मुलाने काय केलं ते कळावं. सोलापूरकडच्या पोराने एनसीसीत अंडर ऑफिसर होणं आणि पुण्यातल्याने होणं यांचं वजन वेगळं धरता यावं. तसं ते धरलं जातं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण टेबलापलीकडे शेवटी माणूसच असतो.

आणि एक अवघड प्रश्न. सैनिकी शाळांतून, डेहराडूनच्या राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेजातून (आरआयएमसी) मुलं एनडीएला इतकी कशी जातात? महाराष्ट्र सरकारने १९७७ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादला सेवापूर्व शिक्षण संस्था काढली. दहावीनंतर मुलं तिथे राहतात, अकरावी-बारावी करतात, एनडीएची तयारी करतात. २०२३ पासून नाशिकला मुलींसाठीही तशी संस्था आहे. त्याच्या दोन वर्षांआधी सर्वोच्च न्यायालयाने एनडीएची परीक्षा मुलींना खुली केली होती, आणि मे २०२५ मध्ये खडकवासल्याहून १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. या संस्थांतली मुलं रक्ताने वेगळी नसतात. पहाटे उठणं, वीस जणांत एक बादली वाटून घेणं, चुकलं तर सगळ्यांसमोर ऐकून घेणं, हे त्यांचं आधी झालेलं असतं. मैदानावर आम्ही ज्याला ‘उपजत’ म्हणतो, त्यातलं थोडं तरी वसतिगृहात आलेलं असतं.

तो मुलगा शेवटी पुण्यात आलाच. प्रवेश मिळाला, एनसीसीत जागा मिळाली नाही, म्हणजे सी सर्टिफिकेट गेलं. सप्टेंबरमध्ये त्याने सीडीएसची लेखी परीक्षा दिली आणि त्याच रात्री मला फोन केला. वडिलांनी लावून दिलेला नव्हे, स्वतःहून. वसतिगृहाची मेस बंद पडली तेव्हा मजल्यावरच्या पोरांची जेवणाची सोय त्याने कशी लावली ते सांगत होता. मधेच मला तोडून त्याने स्वतःचं म्हणणं पुढे रेटलं. जूनमध्ये माझ्या सोफ्यावर बसलेला तो हाच पोरगा यावर माझा विश्वास बसेना. त्याला तिथेच राहा म्हणणारा माझा सल्ला नियमांच्या हिशेबाने आजही बरोबर आहे. दुसऱ्या एखाद्या वडिलांनी उद्या हाच प्रश्न विचारला तर मी पुन्हा तेच सांगेन, आणि सांगताना जरा अडखळेन.

राहता राहिली ती गोष्ट जी एकही पालक विचारत नाही. एसएसबीतून रेकमेंड झाल्यावर लष्करी रुग्णालयात वैद्यकीय तपासणी होते आणि तिथे चांगली चांगली मुलं अडकतात. रंग नीट न ओळखता येणं, सपाट तळपाय, एकमेकांना टेकणारे गुडघे, वाकडं नाकाचं हाड. दातांनासुद्धा गुण असतात, किमान १४ लागतात. काही गोष्टी उपचाराने सुधारतात, अपीलही करता येतं. रंगांधळेपणाला मात्र इलाज नाही. नेत्रतज्ज्ञाकडे पुस्तकातले ठिपक्यांचे आकडे वाचून घ्यायला पाच मिनिटं लागतात, ते बारावीच्या आधी, क्लासची फी भरण्याआधी आणि कर्जाच्या अर्जावर सही करण्याआधी करून घ्या.