२०२५ मधले माझे तीन सिनेमे

शहापूरकरांनी मराठी सिनेमा बघायचा म्हणजे आसनगावहून लोकलने कल्याण गाठायचं आणि परतीची कसारा लोकल डोक्यात ठेवून पडद्याकडे बघायचं! म्हणून माझी यादी छोटीच असते. २०२५ ची तर तिघांचीच.

'दशावतार'मध्ये दिलीप प्रभावळकरांनी या वयात केलेलं काम थक्क करतं. गोष्ट कोकणातली, गावाच्या मुळावर आलेल्या खाणीची. पण भातसा-तानसाचं पाणी मुंबईला जाताना बघणाऱ्या आणि उन्हाळ्यात पाड्यांवर टँकरची वाट बघणाऱ्या तालुक्याला ती परकी कशी वाटेल?

रोहन कानवडेचा 'साबर बोंडं' सनडान्सला गाजला. वडिलांच्या सुतकाचे दहा दिवस गावी काढणारा आनंद, आणि त्याचा बालमित्र बाळ्या. दोन पुरुषांचं प्रेम इतक्या हलक्या आवाजात सांगितलेलं मी मराठीत पाहिलं नव्हतं. आनंदच्या आईला सगळं ठाऊक असतं, हे मला फार आवडलं.

आणि सगळ्यात लाडका, शिवराज वायचळचा 'आता थांबायचं नाय!'. महापालिकेचे चतुर्थ श्रेणी कामगार रात्रशाळेत जाऊन दहावीला बसतात. हा मी आईसोबत पाहिला. तिची शाळा सातवीत सुटलेली. कसारा लोकलमध्ये टिटवाळ्यापर्यंत गप्प होती. मग म्हणाली, "माझ्या वयाला बसू देतात का रे?"

देतात. सतरा नंबरचा फॉर्म भरून.

सिनेमा चांगला की वाईट, ते समीक्षक ठरवोत. आमच्याकडे सध्या जेवणानंतर बीजगणित चालू आहे!