नवसागराची गोळी

ज्वर उतरला तरी जिव्हेची रुची परतली नव्हती. अशा उदासीन अवस्थेत हेलसिंकीस असणाऱ्या भाचीने धाडलेल्या पुडक्यातून ‘साल्मियाक्की’ नावाच्या काळ्याभोर, शंकरपाळ्यांच्या आकाराच्या गोळ्या निघाल्या. फिनलंडात हा जिन्नस आबालवृद्ध आवडीने चघळतात. त्यात ज्येष्ठमध असते हे ठीक. पण नवसागरही असतो, हे वाचून मी थबकलो. आमच्या वाड्याच्या चौकात कल्हईवाला भाता चालवून तापविलेल्या पातेल्यात कथलाबरोबर नवसागराची चिमूट टाकी, तेव्हा उठणारा पांढरा धूर नाकाला झोंबे, आणि कापसाचा बोळा फिरताच काळवंडलेले पितळ रुपेरी होई.

गोळी जिभेवर ठेवली. प्रथम खारटपणा, मग नाकात चढणारी तीक्ष्णता, आणि फार उशिरा, नाइलाजाने आल्यासारखा, ज्येष्ठमधाचा गोडवा. त्या उत्तरेकडील मुलुखांत ही मिठाई एके काळी खोकल्यावरील औषध म्हणून औषधविक्रेत्यांकडे मिळे, तेव्हा आजाऱ्यास ती भेट येणे अगदीच गैरवाजवी नव्हे. भाचीला ती खरोखर आवडू लागली आहे, की तिकडच्या प्रदीर्घ हिवाळ्याशी तिने केलेला तो तह आहे, हे पत्रावरून उमगत नाही. मला आवडली असे म्हणवत नाही. दुपारी मात्र आणखी एक घेतली.