डोळस दया

असिसीचे संत फ्रान्सिस ह्यांचा सण 4 ऑक्टोबरला येतो. त्यानिमित्त मुलांच्या मिस्सेत मुक्या प्राण्यांविषयी चार शब्द बोलण्याचा आमचा प्रघात आहे. 2018 साली आम्ही गुब्बियोच्या लांडग्याची कथा रंगवून सांगितली. ज्याच्या भीतीने सारे गाव दारे लावून बसे, त्या लांडग्यासमोर संत निःशस्त्र उभे राहिले आणि त्याने आपला पंजा त्यांच्या हातात दिला. मुले तल्लीन झाली. ‘तुम्हीही मुक्या जिवांना हात द्या,’ असा समारोप करून आम्ही समाधानाने वेदीकडे वळलो.

पुढच्या रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात नऊ वर्षांचा एक मुलगा उजवा हात खिशातून काढीना. जवळ घेऊन विचारले, तेव्हा उलगडा झाला. चर्चच्या सभागृहाच्या जिन्याखाली कुत्री व्याली होती. सरीत भिजणारे एक पिल्लू आडोशाला ठेवावे म्हणून ह्याने हात घातला आणि त्या आईने त्याच्या बोटांचा चावा घेतला. रक्त आले. घरी मार बसेल ह्या धास्तीने त्याने दोन दिवस ती जखम लपवून ठेवली होती. ‘असे का रे केलेस?’ असे आम्ही विचारताच तो म्हणाला, “फादर, तुम्हीच सांगितलं होतं ना?”

आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही त्या बालकाला दया शिकवली होती. दया कशी करावी हे शिकवले नव्हते.

त्याच्या आईवडिलांना बरोबर घेऊन आम्ही इस्पितळ गाठले. जखमेत व तिच्याभोवती इम्युनोग्लोब्युलिन आणि दंडात रेबीजची लस देण्यात आली. कुत्री पुढे धडधाकट राहिली, तरी डॉक्टरांच्या सांगण्यानुसार लसीच्या सर्व मात्रा ठरल्या दिवशी पूर्ण केल्या. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी वाचणे जवळजवळ अशक्य. त्याआधी दिलेली लस मात्र प्राण वाचवते. लुई पाश्चर ह्यांनी 6 जुलै 1885 रोजी पॅरिसमध्ये ज्या जोसेफ माइस्टरला ही लस प्रथम टोचविली, तोही नऊ वर्षांचाच होता.

तेव्हापासून फ्रान्सिसच्या कथेला आम्ही एक पुरवणी जोडतो. जेवणाऱ्या, झोपलेल्या, जखमी किंवा पिल्लांजवळच्या प्राण्याला हात लावू नये. पिल्लू एकटे दिसले तरी उचलू नये. बहुधा आई जवळपासच असते. आधी मोठ्या माणसाला हाक मारावी. जखमी प्राण्यासाठी पशुवैद्यकाला बोलावणे हे मोठ्यांचे काम. मुलांनी घराबाहेर पाण्याचे भांडे भरून ठेवावे व दूर व्हावे. तीही सेवाच आहे. कुत्रा अंगावर आला तर पळू नये, ओरडू नये, त्याच्या डोळ्यांत पाहू नये. हात अंगालगत ठेवून झाडासारखे स्तब्ध उभे राहावे. आणि चावा असो वा नुसता ओरखडा, तो कुत्र्याचा असो वा मांजराचा, तत्क्षणी घरी सांगावे.

ही शेवटची गोष्ट मुलांपेक्षा पालकांसाठी आहे. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, तिच्यावर चुना, हळद वा तिखट लावू नये आणि विलंब न करता इस्पितळ गाठावे. काही कारणाने उशीर झालाच असला, तरी लस टाळू नये. रागवायचेच असेल तर नंतर रागवावे. आपल्या मुलाला कुत्र्याच्या दातांपेक्षा आपल्या हाताची भीती अधिक वाटत असेल, तर ती जखम लपविण्याच्या पापात आपलाही वाटा आहे.

बायबलमधील तोबितच्या ग्रंथात तरुण तोबिया दूरच्या प्रवासाला निघतो, तेव्हा त्याचा कुत्राही सोबत चालू लागतो. मात्र वडील तोबियाला एकट्याला पाठवीत नाहीत. वाट ठाऊक असलेला सोबती ते त्याला आधी शोधायला लावतात. तो सोबती देवदूत राफाएल असतो, हे त्यांना मागाहून कळते. मूल, मुका प्राणी आणि वाट जाणणारे वडीलधारे माणूस, अशी तिघांची सोबत असली म्हणजे दया सुखरूप घरी पोहोचते.

त्या मुलाच्या बोटावर आज एक पुसटसा वण तेवढा उरला आहे. जिन्याखालचे पाण्याचे भांडे पुढे कित्येक वर्षे तोच भरीत असे.